निंबाभाऊंच्या कपाटातला वाघ

सुरतेच्या अख्ख्या गोडादऱ्यात जुन्या पुस्तकांची पारख आपल्याइतकी कुणालाच नाही, असं यंत्रमागांवरच्या लूम-मास्तर निंबाभाऊंचं ठाम मत होतं. भंगारवाल्यांकडून त्यांनी गोऱ्या साहेबांच्या शिकारीची आणि व्यापारी सफरींची अकरा पुस्तकं मिळवली होती. त्यातलं एक चामडी बांधणीचं, दीडशे वर्षांचं. वर सोनेरी वाघ! ते तर तान्ह्या बाळासारखं जपलेलं.

रविवारी बडोद्याचे योगेंद्रभाई ते विकत घ्यायला निघाले. निंबाभाऊ गॅलरीतून फोनवर ओरडले, "वाघ एकदम फर्स्ट क्लास! कातडं अजून चकाकतंय. कपाटात दडवलाय, या लवकर!"

शेजारच्या गॅलरीत जयश्रीताईंच्या हातून चाळणी पडली. वाघाचं कातडं! भर सोसायटीत! त्यांनी तडक फोन फिरवला.

तासाभरात वनखात्याची जीप दारात. मागोमाग चारही मजले जिन्यात!

"वाघ कुठाय?" वनाधिकारी गायत्री मॅडम कडाडल्या.

"आपला घरमा वाघ शे?" निंबाभाऊंच्या पत्नी सुंदराबाई किंचाळल्या. "आन मी त्याच कपाटमा पापडना डबा ठेवस!"

निंबाभाऊंना घाम फुटला. त्यांनी कपाटातून पुस्तक काढून पुढे केलं. मॅडमनी चामडं चोळलं, हुंगलं.

"हे तर बकऱ्याचं!"

जिन्यातून केवढा तरी निराश सुस्कारा आला. मॅडमनी सहज पुस्तक उघडलं आणि खुदकन हसत त्या सगळ्यांना मराठीत सांगू लागल्या. पुस्तकातला साहेब सोळा बैलांवर माल लादून सुरतेहून खानदेशात निघालेला. वाटेत वाघ दिसताच बंदूक टाकून झाडावर! आणि झाड कुठलं? बाभळीचं!

सोसायटी हसून लोळायला लागली. जयश्रीताईंनी सगळ्यांसाठी चहा टाकला. तेवढ्यात निंबाभाऊंचा फोन वाजला. योगेंद्रभाई!

"खाली जीप बघितली, भाऊ. मी स्टेशनवर पोचलो. मी आलोच नव्हतो, आणि आपली ओळखही नाही!"

निंबाभाऊंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. एवढे श्रोते त्यांच्या घरी कधी आले होते?

मॅडमनी घड्याळ बघत पुस्तक मिटलं. "मला निघायला हवं. पुढचं तुम्ही सांगा, निंबाभाऊ. उतरला का साहेब?"

सगळे कान टवकारून त्यांच्याकडे बघू लागले. निंबाभाऊंनी कान खाजवला.

"मॅडम, अजून एक कप चहा घ्या ना... मला इंग्रजी कुठं येतं? मी नुसती चित्रं बघतो!"