निरोपाच्या खोक्यातला वारा

भेटवस्तू निवडावी ती लबीबनंच! हे मी म्हणत नाही, कैरोच्या आमच्या कालवे-दफ्तरातली बावीस माणसं म्हणायची. लबीब म्हणजे शहाणा. माझं नाव ठेवताना आईबापांनी जरा घाईच केली, हे त्या बावीस जणांना परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं.

झालं असं की, आमचे वगदीसाहेब निवृत्त होणार होते. निरोपाला काय द्यायचं? कुणी म्हणालं घड्याळ, कुणी म्हणालं चहाचे पेले. मी टेबलावर हात आपटला.

"घड्याळ? माणूस चौतीस वर्षं घड्याळाकडे बघत बसला, आता घरीही तेच बघू दे म्हणता? मुख्तारचं शिल्प द्या! प्रतिकृती!"

"मुख्तार म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा लिफ्टवाला?" एका नव्या कारकुनानं विचारलं.

अरे देवा! महमूद मुख्तार! ज्यानं दगडाची शेतकरीण घडवली आणि तिचा हात स्फिंक्सच्या डोक्यावर ठेवला, तो! गझीराच्या त्याच्या संग्रहालयात मी इतक्यांदा गेलोय, की मला येताना पाहिलं की तिथला पहारेकरी आपली खुर्ची उचलून आतल्या दालनात पळतो.

खरेदीला माझ्याबरोबर कौसरबाई आल्या. कौसरबाई आमच्या टंकलेखन विभागाच्या प्रमुख. जीभ अशी, की त्यांच्यासमोर टाचणीसुद्धा बोथट वाटावी. शिहाताचाचांच्या दुकानात फळ्यांवर मुख्तारच्या प्रतिकृती ओळीनं मांडल्या होत्या. मी सुरू झालो.

"बघा कौसरबाई! दागिना नाही, नक्षी नाही, उगाच एक सुरकुती नाही. डोक्यावरच्या ओढणीपासून पायापर्यंत एकच रेघ! दगडाला कापड नेसवलंय या माणसानं. पाणी भरणारी बाई, पण उभी कशी? राणीसारखी!"

"पटलं. आता निवडा. माझे पाय दुखतायत."

"ही घ्या, 'मिस्रची जाग', म्हणजे आपल्या इजिप्तची! झोपलेला स्फिंक्स उठतोय."

"वगदीसाहेबांना? जे जेवणानंतर पेन हातात धरून घोरतात? सगळं दफ्तर हसून लोळेल!"

मी जाग खाली ठेवली. शेजारची उचलली. वाऱ्याविरुद्ध चाललेली बाई, ओढणी शिडासारखी फुगलेली, अंग पुढे झुकलेलं. "मग ही. 'खमासीन'."

कौसरबाईंचा चेहराच उतरला. "लबीबभाऊ, शुद्धीवर आहात ना? खमासीन? वगदीसाहेबांना?"

तुम्हाला सांगायला हवं. सात वर्षांपूर्वी खमासीनचे दिवस होते. वाळवंटातला तो तापलेला वारा दुपारी, दफ्तर सुटल्यावर उठला आणि दफ्तराच्या उघड्या खिडकीतून आत शिरला. चाळीस वर्षांच्या पाण्याच्या नोंदी रस्त्यावर उडाल्या! कोपऱ्यावरचा तामियावाला पंधरा दिवस गिऱ्हाइकांना आमच्या कालव्यांत वडे बांधून देत होता. चौकशी झाली. त्या दिवशी खिडक्या लावायची पाळी होती वगदीसाहेबांची. ते उठून म्हणाले, "खिडकी माझ्याकडूनच उघडी राहिली असणार." झालं. त्यांची बढती गेली. ती ज्याला मिळाली तो त्यांच्या हाताखालचा माणूस. आज तो आमचा महासंचालक आहे.

आणि खिडकी खरं म्हणजे कुणी उघडली होती? मी! हे मी कुणाला, अगदी माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"नको, नको!" मी ती बाई चटका बसल्यासारखी खाली ठेवली. "ही 'रहस्य जपणारी' घेऊ. बघा कशी स्वतःशीच मिटून बसलीये. कुणाला बोचणार नाही."

"ही चालेल," कौसरबाई म्हणाल्या.

शिहाताचाचांनी ती खोक्यात बांधली. तेवढ्यात एक दातांचे डॉक्टर आपलं आधीच बांधून ठेवलेलं, तसंच दिसणारं खोकं न्यायला आले. मुख्तारचा चाहता भेटला म्हटल्यावर मी गप्प बसेन का? पाऊण तास त्यांना रेघ समजावली. शेवटी ते बिचारे हाताला लागेल ते खोकं उचलून पळाले. उरलेलं मी उचललं.

तुम्ही ओळखलंत. मी नाही ओळखलं!

निरोपसमारंभाला सगळे जमले. महासंचालकांनी भाषण केलं. वगदीसाहेबांनी सावकाश गाठ सोडली, गवत बाजूला केलं आणि वाऱ्याविरुद्ध चाललेली बाई बाहेर काढली.

कौसरबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की अजून निळा आहे.

"वा वगदी!" महासंचालक मोठ्यानं हसले. "तुमचं वारं तुम्हाला शोधत आलं की!"

चारदोन जण हसले. वगदीसाहेबही हसले, पण फक्त ओठांनी. फुगलेल्या ओढणीवरून बोट फिरवत म्हणाले, "बरोबर आहे. चूक माझीच होती."

काहीतरी सावरायला हवं होतं. आणि सावरायला मला येतं काय? व्याख्यान!

"साहेब, शैली बघा! एकच रेघ! वारं समोरून येतंय, पण ही पाठ फिरवत नाही. तोंड लपवत नाही. दुसऱ्याच्या मागे दडत नाही..."

माझंच व्याख्यान माझ्याच थोबाडीत बसलं होतं. आणि मग, आईशप्पथ, तोंड आपोआप उघडलं.

"साहेब, ती खिडकी मी उघडी टाकली होती!"

कुणाच्या तरी बशीतला बसबूसाच्या मिठाईचा तुकडा टपकन पडला, तो सगळ्यांना ऐकू आला.

"तू?" वगदीसाहेब म्हणाले.

"उकडत होतं. मी मागे थांबलो होतो. तुम्ही गेल्यावर उघडली, आणि तशीच टाकून खाली तामिया खायला गेलो."

"म्हणजे मी बंद केली होती?"

"कडी लावून, साहेब."

ते खुर्चीवर बसले. "लबीब, मला आठवतच नव्हतं रे. मला वाटलं, माझं डोकं कामातून गेलं. सात वर्षं मी घराबाहेर पडताना तीनतीनदा खिडक्या तपासतोय. बायकोनं डॉक्टरकडे नेलं. आठवणीच्या गोळ्या घेतोय मी!" मग म्हणाले, "तेव्हा का नाही बोललास?"

"तुम्ही आधीच म्हणालात, माझ्याकडूनच. इतक्या खात्रीनं म्हणालात, की... मला बरं पडलं."

याहून चांगलं उत्तर मी खूप शोधलं. नव्हतंच.

"हे लेखी द्यावं लागेल," महासंचालक खाकरले.

"देईल. आधी माणसाला पाणी द्या!" कौसरबाई कडाडल्या.

साहेबांनी मला मारलं असतं तर सोपं गेलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कडी नक्की लावली होती ना मी? वरची आणि खालची?"

"दोन्ही, साहेब."

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. डोक्यावरचा हंडा कुणी उतरवून घ्यावा, तसे खांदे खाली आले. मग शिल्प काखेत घेऊन ते निघाले. सगळ्यांशी हात मिळवला. माझ्याशी नाही.

मी लेखी दिलं. माझी रवानगी तळघरात झाली. तिथे खिडकीच नाही!

दहाव्या दिवशी तळघरात फोन वाजला.

"लबीब तुम्हीच का? मी वगदींची बायको, इस्मत."

मी उभा राहिलो. "हो, बाईसाहेब."

"काय करून ठेवलंत हो! हे आता घरातल्या एकूणएक खिडक्या सताड उघड्या टाकून फिरायला जातात! म्हणतात, मला आता कसली भीती नाही. पलंगावर बोटभर धूळ! तुमचं ते शिल्प कुठलं आणि टेबल कुठलं, कळेना झालंय!"

"माफ करा, बाईसाहेब."

"माफी काय चुलीत घालू? शुक्रवारी जेवायला या. मुलूखियाची पातळ भाजी करतेय. आणि येताना झाडू घेऊन या!"

शुक्रवारी मी गेलो. दार वगदीसाहेबांनीच उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या झाडूकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बैठकीपासून सुरू कर," ते म्हणाले. "आणि लबीब, झाडताना बोलायचं नाही."