डेझीची परीक्षा

गुरुसिद्धप्पा वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचत आणि तिसऱ्या पानावर त्यांना झोप लागे. त्यामुळे चौथ्या पानावर जगात काय चाललं आहे, याचा सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या त्या घराला कधी त्रास झाला नव्हता. पण मे महिन्यातल्या एका सकाळी त्यांनी ठरवलं, की आज शेवटच्या पानापासून सुरुवात करून बघावी. एवढंच ठरवलं बिचाऱ्यांनी. पुढचं सगळं त्यातून झालं.

शेवटच्या पानावर जाहिरात होती. ‘मोटारबोट विकणे आहे. वापरलेली, परंतु सुस्थितीत. मालक विलायतेस परत जात आहेत. हिप्परग्याच्या तळ्यावर पाहावयास मिळेल.’

ज्या गावात मे महिन्यात पाहुण्याला पाण्याचा तांब्या देताना यजमानाचा हात जरा जड होतो, त्या गावात मोटारबोट! पण अप्पांच्या डोक्यात निराळंच गणित होतं. समोरच्या दुकानवाल्यानं पाडव्याला मोटार घेतली होती आणि तेव्हापासून तो रोज सकाळी कारण नसताना भोंगा वाजवत असे. आता अप्पांनी मोटार घेतली असती, तर ते गल्लीत दुसरे ठरले असते. होडी घेतली, तर साहेब सोडून जिल्ह्यात पहिले.

“पण बोट चांगली आहे का वाईट, हे आपल्या घरात कोणाला कळतं?” अव्वानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, स्वयंपाकघरातून विचारलं.

“मला,” नीला म्हणाली.

नीलांबिका ही त्यांची एकुलती एक मुलगी. वय एकोणीस. पुण्याहून नुकतीच इंटर सायन्स पास होऊन आली होती. (दुसरा वर्ग मिळाला होता, पण पहिला चार गुणांनी हुकला, हे ती भेटेल त्याला सांगत असे, दूधवाल्यालासुद्धा.) तिला पुढे मुंबईला बी. एस्सी.ला जायचं होतं. अप्पांचं म्हणणं, पुष्कळ शिकलीस, आता बार्शीचं स्थळ बघ. मुलाचं धान्याचं दुकान आहे, स्वभाव शांत आहे. गेला महिनाभर घरात ह्याच दोन गोष्टींवर जेवणं थंड होत होती.

“तुला बोटीतलं काय कळतं?” अप्पांनी विचारलं.

“आर्किमिडीज कळतो.”

“तो कुठला?”

“अप्पा, तरंगणाऱ्या प्रत्येक वस्तूचा नियम त्यानं सांगितलाय. मी त्या बोटीची परीक्षा करते. परीक्षा बरोबर ठरली तर मी मुंबईला जाणार. चुकली तर तुम्ही बार्शीला पत्र लिहा, मी तोंडातून अक्षर काढणार नाही.”

नीला तोंडातून अक्षर काढणार नाही, ह्या कल्पनेनंच अप्पा विरघळले. त्यांनी लगेच होकार दिला.

आता ह्यात दोड्डप्पा कसे आले, ते सांगायला हवं. चनबसप्पा हे अप्पांचे थोरले भाऊ, म्हणून नीलाचे दोड्डप्पा. अक्कलकोटाकडे त्यांची शेती होती. बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा माणूस चार तालुक्यांत नव्हता. सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्यावरच्या जनावरांच्या बाजारात लोक त्यांना हाताला धरून न्यायचे. ते बैलगाडी घेऊन सहज भावाला भेटायला आले होते आणि अप्पांनी तितक्याच सहज त्यांना बोट बघायला चला म्हटलं.

“दोड्डप्पा कशाला?” नीला तणतणली. “तिला काय शेपूट आहे?”

“असू दे की गं,” दोड्डप्पा म्हणाले. “मी नुसता बगतो.”

शनिवारी सकाळी तिघं हिप्परग्याला पोहोचले. तळं उन्हाळ्यानं पार आत ओढलं गेलं होतं आणि काठावरचा गाळ पापडासारखा तडकला होता. बांधावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी चौकटीवर बोट बसवलेली होती. पांढरा रंग, निळी पट्टी, आणि पुढच्या टोकाला इंग्रजीत नाव: डेझी. साहेब निलगिरीला हवा खायला गेले होते. मागे राहिला होता राखणदार तिप्पण्णा, चांगला सत्तरीचा आणि बोलायला अतिशय सावकाश.

“दोन सालं झाली बगा,” तिप्पण्णा सांगू लागला, “सायेबाचं गुडगं धरलं तवापासनं ही हितंच बसून हाय. त्याच्या आधी कसं, सायेब दर साली...”

“इंजिनाचं बोला,” नीला म्हणाली.

“इंजान झकास हाय. पर मी काय म्हंतो, सायेब दर साली आदी...”

“इंजिन सुरू करून दाखवा.”

इंजिन हँडल मारून सुरू झालं आणि शेडमधली कबुतरं कायमची गाव सोडून गेली. नीलानं वही काढली. पुण्याच्या मैत्रिणीच्या भावाकडून मागवलेल्या एका इंग्रजी पुस्तकातून तिनं एकवीस प्रश्न उतरवून आणले होते. पंख्याची पाती वाकली आहेत का? नाहीत. सुकाणू मोकळं फिरतं का? फिरतं. तेलाची गळती? नाही. मग ती चाकू घेऊन गुडघ्यांवर बसली आणि तळाच्या फळ्यांमध्ये जागोजाग टोचू लागली. जुन्या होडीचं लाकूड कुजकं असेल तर चाकू लोण्यात जावा तसा जातो, असं पुस्तक म्हणत होतं. डेझीत तो अर्धा इंचही जाईना.

“दगडासारखं आहे!” ती ओरडली. “एक ठिपका ओल नाही!”

अप्पा अभिमानानं इकडेतिकडे बघू लागले. पण बघायला तिप्पण्णाच होता.

दोड्डप्पा तोवर बोटीभोवती उलट्या बाजूनं फिरत होते. त्यांनी तिच्या पुढच्या भागावर थोपटलं, मागे जाऊन वाकून पाहिलं, मग दोन फळ्यांच्या मधल्या फटीत अंगठ्याचं नख घातलं आणि ते बाहेर काढून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

“नीला, जनावर चांगलं हाय,” ते म्हणाले. “हाडापेरानं मजबूत हाय. पर वाळलंय लई. चार दिस पाण्यात पडू दे, मग बस.”

“पाण्यात पडू दे म्हणजे?”

“म्हंजे बुडवून ठेव. उन्हाळ्यात आमी गाडीची चाकं ओढ्यात टाकतो की. तसं.”

“दोड्डप्पा,” नीला म्हणाली (आणि हे वाक्य तिनं पुढे कितीतरी वर्षं उशीत तोंड खुपसून आठवलं), “तुमच्या चाकाला इंजिन असतं का?”

“न्हाय बा,” दोड्डप्पांनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

“मग!”

“सायेबबी आदी...” तिप्पण्णानं तोंड उघडलं.

“तिप्पण्णा, तुम्ही जरा थांबा हो! होडी बुडू नये म्हणून माणसं परीक्षा करतात, आणि तुम्ही दोघं मला ती आधीच बुडवायला सांगताय!”

तसाही बुडवून ठेवायला वेळ नव्हता. कुर्डुवाडीच्या एका रेल्वेच्या अधिकाऱ्याचा डेझीवर डोळा होता आणि साहेबांना सोमवारपर्यंत तारेनं उत्तर हवं होतं. उद्या, रविवारी सकाळी पाण्यात एक फेरी मारायची आणि सौदा पक्का करायचा, असं नीलानं जाहीर केलं. “ही परीक्षा मी माझ्या जबाबदारीवर करतेय,” असंही वर म्हणाली. म्हणायची काही गरज नव्हती.

ही गोष्ट घरातल्या घरात राहायला हवी होती. पण अप्पा कापडाचे व्यापारी, गोष्ट उलगडून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. रविवारी सकाळी ऊन चढण्याआधीच हिप्परग्याच्या रस्त्यावर टांग्यांची रांग लागली. अर्धी चाटी गल्ली आली होती. समोरचा दुकानवाला मोटारीतून आला आणि त्यानं भोंगा वाजवला. बायकांनी कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि दह्याची गाडगी आणली होती. आता आठवलं की वाटतं, त्या दिवसांत सोलापूरच्या माणसांना आनंद करायला फार काही लागत नसे. दुसऱ्याचं काहीतरी बघायला जायचं आणि बरोबर चटणी असायची, एवढं पुरे.

वीस जणांनी ओढून डेझी पाण्यात घातली. अव्वानं तिला हळदकुंकू वाहिलं. कोणीतरी नारळ तिच्या टोकावर फोडायला निघालं, तेव्हा नीलानं मध्ये पडून तो काठावरच्या दगडावर फोडायला लावला. सुरक्षिततेचा एवढा एक निर्णय तिचा बरोबर आला, हे नमूद केलं पाहिजे.

बोटीत चौघं बसली. सुकाणूवर नीला, इंजिनापाशी तिप्पण्णा, मध्ये भाकऱ्यांचा डबा आणि दह्याचं गाडगं घेऊन अप्पा आणि अव्वा. दोड्डप्पांना बोलावलं, तर ते म्हणाले, “मी बैलांजवळ थांबतो. लागतील.”

“कशाला लागतील?”

“असंच.”

फट्‌फट् करत डेझी निघाली. आणि खरं सांगायचं तर ती चार मिनिटं नीला जन्मात विसरली नाही. काठावर सगळं भाजून निघत होतं आणि पाण्यावर मात्र गार वारा होता. अप्पांचं उपरणं मागे उडत होतं. अव्वा, जी उभ्या आयुष्यात देवळाखेरीज कुठे गेली नव्हती, ती पदर दातांत धरून लहान मुलीसारखी हसत होती. काठावरची माणसं बोटाएवढी झाली. मोटारीचा भोंगा ऐकू येईनासा झाला. अप्पा नीलाकडे वळून म्हणाले, “पोरी, जिंकलीस.”

“पाय गार वाटतायत,” अव्वा म्हणाली.

“तळ्यावर गारवा असतोच.”

“ओले पण वाटतायत.”

नीलानं खाली पाहिलं. भाकऱ्यांचा डबा बसल्या जागेवरून उठला होता आणि सावकाश अप्पांकडे निघाला होता.

“थोडं पाणी येतंच,” ती घाईनं म्हणाली. “पुस्तकात दिलंय.”

“थोडं म्हणजे किती, ते दिलंय का?” अप्पांनी डबा अडवत विचारलं.

पाणी एका भोकातून येत नव्हतं. तसं असतं तर भोकात हाताचं बोट तरी घातलं असतं. ते प्रत्येक फटीतून येत होतं, न सांगता, न आवाज करता, जावयाच्या माणसांसारखं. अप्पा पगडीनं पाणी उपसायला निघाले. अव्वानं पगडी हिसकावून घेतली आणि दह्याचं गाडगं दिलं.

“तिप्पण्णा!” नीला किंचाळली. “हे काय होतंय?”

“तेच सांगत हुतो की, बाई,” तिप्पण्णा म्हणाला. आता त्याला कोणी अडवत नव्हतं, म्हणून त्यानं अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. “सायेब दर साली आदी हिला चार दिस पाण्यात बुडवून ठेवायचा. वाळल्या फळ्या पाणी पिऊन फुगत्यात, फटी मिटत्यात. मग पाणी उपसायचं, का मग थेंब येत न्हाय. तुमी म्हनला, इंजानाचं बोला. इंजान झकास हाय.”

इतक्यात झकास इंजिनानं एक गुळणी केली आणि ते बंद पडलं. डेझी अजिबात न हलता, मोठ्या अदबीनं खाली खाली गेली आणि गाळावर टेकली. मे महिन्याचं तळं ते. पाणी कमरेच्या थोडं वर. बुडालेल्या बोटीत चौघं सरळ उभी राहिली. अप्पांच्या कपाळावरचं विभूतीचं लेपन मात्र कोरडं होतं. काठावरच्या लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग दोड्डप्पा आले. सोलापूर जिल्ह्यातली पहिली मोटारबोट दोन बैलांनी दोरखंडानं ओढत उथळ पाण्यात आणली. नीला काठावर उतरली तेव्हा तिला वाटत होतं, आता दोड्डप्पा बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. तिच्याकडे उत्तरं होती. पण त्यांनी नुसता आपला पटका सोडला, तिच्या ओल्या खांद्यांवर टाकला आणि अप्पांना हाक मारली, “गुरुसिद्धा, तिला वर काढू नकोस. झक्क बुडलीय. चार दिस तशीच असू दे.”

तिप्पण्णानं इंजिन तेवढं काढून वाळवलं, आणि गुरुवारी डेझीतलं पाणी उपसलं. फटीत पोस्टकार्ड जाईना. तिच्यातून सगळे तळ्याचा पार पैलतीर गाठून आले, तरी अव्वाच्या पायाची मेंदी ओली झाली नाही. साहेबांना उशिरानं तार गेली आणि कुर्डुवाडीवाल्यांना रविवारची हकिगत आधीच कळली असल्यामुळे दुसरं गिऱ्हाईक उरलंच नव्हतं. पुढे सहा वर्षं ती बोट हिप्परग्यावर चालली. अजून त्या रस्त्यानं जाताना नीला तळ्याकडे न बघता जाते आणि तरी तिला सगळं दिसतं: उडणारं उपरणं, दातांत धरलेला पदर.

पण त्या गुरुवारी संध्याकाळी तिला बोटीचं कौतुक नव्हतं. शब्द तो शब्द. ती अप्पांच्या बैठकीपाशी जाऊन उभी राहिली.

“अप्पा, परीक्षा चुकली. दोड्डप्पांचं बरोबर होतं. तुम्ही बार्शीला लिहा.”

“लिहिलं,” अप्पा म्हणाले. “काल संध्याकाळीच टाकलं.”

तोंडातून अक्षर काढायचं नाही असं ठरलेलं. तरी तिच्यानं राहवेना. “काय लिहिलंत?”

“तुझ्या दोड्डप्पानं सांगितलं तसं लिहिलं. मुलगी मुंबईला चालली आहे, क्षमा असावी.”

नीलाला हुंदकाच आला. शेवटी ह्या माणसांना शिक्षणाची किंमत कळली, तिची हुशारी कळली, असं वाटून ती पाया पडायला वाकली.

“अगं, थांब, पुढचं ऐक,” अप्पा म्हणाले. “कारणही लिहिलंय. मुलीचं शिक्षण फारच अपुरं आहे असं आमच्या ध्यानात आलं. आणि त्यांना शंका आली तर कोणालाही विचारा म्हणावं, चाळीस माणसं तळ्याच्या काठाला उभी होती.”