गटसचिवाची कादंबरी

आमच्या घाटनांदूरच्या महारुद्रअप्पांना कुणाचंही म्हणणं पटलेलं मी पाहिलं नाही. चौघांनी चहा सांगितला की हे गरम पाणी मागवतात. ऊन फार झालं असं कुणी म्हटलं, तर भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळतात. "समदे म्हणतेत म्हणून आमी कावून म्हणावं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गंमत म्हणजे याच माणसाने गावच्या शेतकरी सोसायटीचा गटसचिव म्हणून तीस वर्षं 'सर्वानुमते मंजूर' याखेरीज काही लिहिलं नाही. सभेचं इतिवृत्त ते आदल्या दिवशीच लिहून ठेवत. एकदा चेअरमनकडे सुतक आलं आणि सभा झालीच नाही. वहीत मात्र ती खेळीमेळीत पार पडून चहापानानंतर संपलीही होती.

निवृत्त झाल्यावर अप्पांनी कादंबरी लिहायला घेतली. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून ऐकण्याची शिक्षा मला. कादंबरीतलं गाव पुढच्या काळातलं, आणि भलतंच. तिथे पाऊस नाही. टँकर येतो, पण आधी सगळ्यांनी एका सुरात 'आजचा विचार' म्हणायचा, मग पाणी सुटतं. माणसांना नावं नाहीत, घागरींचे नंबर आहेत. रात्री पडलेलं स्वप्नसुद्धा सकाळी मंजूर करून घ्यावं लागतं. सगळं गाव निमूट. फक्त घागर नंबर एकेचाळीसची बाई म्हणते, "मला तसं वाटत न्हाई."

ही बाई मला फार आवडली. पण दोन वर्षं झाली तरी तिचं पुढे काय होतं ते अप्पा लिहीनात. मी आपला मास्तरकीचा सल्ला दिला, की असल्या गोष्टींत माणूस शेवटी मोडतो, तीही इतरांसारखंच बोलायला लागते असं दाखवा. अप्पांनी विरोधसुद्धा केला नाही, तेव्हा मी घाबरलो.

"ती मोडलीच की, सर," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं सांगितलं. दुष्काळात चारा छावणी चेअरमनच्या शेतात, गावापासून लांब घालायचा ठराव होता. अप्पांच्या बायकोचं, सुशीलाकाकूंचं नावही सभासदांत होतं. भर सभेत त्या एकट्या उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या बायांनी जनावरं तिथवर कशी न्यायची, असं त्यांनी विचारलं. अनुमोदन कुणीच दिलं नाही. अप्पांच्या वहीत 'सर्वानुमते' आधीच लिहिलेलं होतं, आणि त्यांनी ते खोडलं नाही. घरी काकूंनी वही उघडून पाहिली.

"'मी उबी राहिलते, ते कुठं लिवलंय?' येवढंच इचारलं तिनं. मंग मरेस्तोवर कशालाच न्हाई म्हणली न्हाई. भाजी कोणती करती म्हणलं, की तुमी म्हणाल ती."

मला वाईट वाटलं, आणि माझ्या सल्ल्याची लाजही वाटली.

परवा त्यांनी शेवटचं प्रकरण माझ्या हातात दिलं. टँकर बंद आहे, बाई उभी आहे, सगळं गाव तिच्याकडे रागाने बघतंय. तेवढ्यात कोपऱ्यात वही घेऊन बसलेला कारकून उठतो आणि म्हणतो, "माजं अनुमोदन हाय." कादंबरी तिथेच संपते.

मी विचारलं, "मग टँकर सुटला का, अप्पा?"

"ते म्हाईत न्हाई," अप्पा म्हणाले. "पर ते दोघं बोलत बोलत घरी गेले."