चिरंजीवांच्या तोंडून निघालेले डॉक्टर

मी मासिकांसाठी व्यंगचित्रं काढते. चित्र छापून आलं तर व्यंगचित्रकार, नाही आलं तर घरीच असते! पण एक गोष्ट छातीठोकपणे सांगते. मी काढलेला माणूस पाठमोरा असला तरी लोक त्याला नावानिशी ओळखतात. म्हणूनच ओळखीतल्या कुणाला काढायचं नाही, असा माझा नियम आहे.

आता आमच्या धंद्याची रीत अशी, की संपादकांकडे आठ-दहा कच्ची चित्रं एकदम पाठवायची. बाकीची जीव ओतून काढलेली, एखादं नुसतं भरतीला. संपादक हमखास भरतीचं उचलतात! हे ठाऊक असूनही, एकदा काहीच सुचेना तेव्हा मी भरतीला आमच्या बाळाचे डॉक्टर काढले. सुरवंटासारख्या भुवया, टकलावर अँटेनासारखी उभी एकुलती एक बट, हातात वेल्डिंगवाल्याचे जाडजूड मोजे. टेबलावर तान्हं बाळ, आणि डॉक्टर लांबूनच आईला विचारतायत, ‘चावतो का हो?’

अर्थातच तेच छापून आलं.

झाली पंचाईत! कारण हे डॉक्टर म्हणजे माझा आधारस्तंभ. बाळ शिंकलं की मी त्यांना फोन करते, शिंकलं नाही तर ‘का बरं शिंकत नाही?’ म्हणून करते. त्यांनी सुई टोचली तर आमचे चिरंजीव हसतात. दुसऱ्या कुणी नुसतं ‘ये’ म्हटलं तरी टाहो असा, की अख्खी इमारत जिन्यात जमते! असा हलक्या हाताचा माणूस दुखावला, तर मी जाणार कुठे?

पुढच्या लसीला गेले, तर दवाखान्याच्या बाकावर एक आजोबा तेच मासिक चाळत बसलेले!

“आजोबा, जरा देता का ते?”

“वाचतोय.”

“जुनं आहे हो ते!”

“मी कुठे नवा आहे?” म्हणत त्यांनी पान उलटलं. चित्र पाहिलं. आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. पुन्हा चित्र. “अरेच्चा! हे तर आपले डॉ—”

“छे छे!” मी मासिक हिसकावलं आणि टर्रकन पान फाडलं.

“ओ मॅडम!” काउंटरवरच्या ताई कडाडल्या. “पानं काय फाडता?”

“बाळाचं नाक पुसायला.”

“टिश्यूचा डबा आहे की समोर!”

“त्याला टिश्यू चालत नाही. त्याला... गुळगुळीत कागद लागतो.”

ताई बघतच राहिल्या. मग काय, पुसलं नाक! नाक कोरडं ठणठणीत होतं. आजोबांनी आपली नात उचलली आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

तेवढ्यात आतून हाक आली. पानाचा बोळा मुठीत दाबून मी चिरंजीवांना टेबलावर ठेवलं, त्यांच्या अंगातला शर्ट काढला आणि बघते तर मूठ रिकामी! चिरंजीवांचा डावा गाल मात्र टम्म.

“डॉक्टर! त्याने कागद खाल्ला!”

“घाबरू नका,” म्हणत डॉक्टरांनी सराईतपणे तोंडात बोट घातलं. चिरंजीवांनी आपले चारही दात त्यात रोवले.

“आई गंऽऽ! चावतो का हो हा?”

अक्षरशः चित्राखालचं वाक्य!

दुसऱ्या हाताने त्यांनी बोळा ओढून काढला. तेवढ्यावर थांबतील तर ते डॉक्टर कसले! तुकडा आत राहिला का ते बघायला त्यांनी तो टेबलावर पसरला आणि सुरकुत्या काढून सपाट केला. लाळेने न्हालेले डॉक्टर खऱ्या डॉक्टरांकडे टकामका बघू लागले.

संपलं! मी मनातल्या मनात दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवलं.

बराच वेळ त्यांनी चित्र न्याहाळलं. सुजलेलं बोट फुंकत म्हणाले, “यात विनोद काय आहे?”

“म्हणजे?”

“बाळ चावतं का, असं डॉक्टर विचारतो. बरं, मग? कुणी काढलंय हे? यापेक्षा आमची ही रांगोळी बरी काढते!”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. शहाण्या बाईने बाळ उचललं असतं आणि घर गाठलं असतं. पण माझं डोकंच फिरलं.

“मी काढलंय! आणि ते तुम्ही आहात!”

“मी?” ते बेसिनवरच्या आरशापुढे गेले. बट ताठ उभी होती. भुवया वर गेल्या, खाली आल्या. “छे! काहीतरीच! अहो ताई, जरा आत या. हा मी आहे का?”

ताईंनी कागद चिमटीत धरून उलटसुलट पाहिला. “नाही हो सर. तुम्हाला केस आहेत.”

डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली, लस टोचली, चिरंजीव नेहमीप्रमाणे खदाखदा हसले आणि माझ्या पाठीवर थाप पडली, “प्रयत्न सोडू नका बरं का. आणि पुढच्या महिन्यात या.”

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “सुटलीस! डॉक्टर हातचे गेले नाहीत.”

“ते गेले नाहीत,” मी म्हटलं, “मीच सोडले!”

तेव्हा वाचकहो, तुमच्या पाहण्यात बाळांचा एखादा डॉक्टर असेल तर कळवा. हात जड असला तरी चालेल, इमारत जमली तरी चालेल. फक्त आधी त्याला एक विनोद सांगून बघा, आणि हसला तरच पत्ता पाठवा!