काटेराव वकील आणि घुशीचं मत

एका जंगलात, म्हणजे बाळांनो, सात समुद्रांपलीकडच्या एका नव्याकोऱ्या जंगलात, काटेराव नावाचं साळिंदर वकिली करत असे. दूर समुद्रापार बसून इथल्या मधात वाटा मागणाऱ्या सिंहाला प्राण्यांनी नुकताच रामराम ठोकला होता. स्वातंत्र्य आलं होतं. आता कायदे लिहायला कुणीतरी हवं होतं.

काटेरावांनी पाठीवरचा एक काटा उपसून शाईत बुडवला. "बघा, जंगलासाठी मी अंगावरचे काटे उपसतोय!" ते कळवळून म्हणाले. प्राण्यांचे डोळे पाणावले. त्यांनी काटेरावांना तिथल्या तिथे सभेवर निवडून दिलं.

पहिलाच कायदा झाला: ज्याचं स्वतःचं बीळ, त्यालाच मत.

"ज्याला बीळ नाही, तो आज इथे, उद्या तिथे. त्याला जंगलाची काय पडलीय?" असा काटेरावांचा सवाल होता. हरणं, माकडं, सांबरं एका दुपारीत यादीतून गेली. कासवाचं घर पाठीवरच, म्हणून ते राहिलं. त्याला न्यायाधीश केलं.

जंगलातली सगळी बिळं घुशीनं खणलेली. काटेरावांचंसुद्धा. स्वतःचं बीळ खणायला मात्र तिला उसंत मिळाली नव्हती. कायदा ऐकल्यावर ती टेकडीवर गेली, आठ दिवस खपली, आणि दोन दारांचं ऐसपैस बीळ खणून मत द्यायला आली.

"घूस मत देणार? मग आमची बिळं कोण खणणार?" कोल्हा ओरडला. सभेनं तिला हाकलून दिलं.

घूस वकिलाकडे गेली. जंगलात वकील एकच.

"घुशीबाई, या, बसा ना!" काटेराव म्हणाले. कालपर्यंत ते तिला 'ए घुशे' म्हणत.

"पण वकीलसाहेब, कायदा तर तुमचाच!"

"म्हणून तर! त्यातल्या पळवाटा माझ्याइतक्या कुणाला ठाऊक?"

खटला कासवापुढे चालला. सकाळी काटेराव सभेच्या बाजूनं बोलले. दुपारी घुशीच्या. "जिची नखं या मातीत झिजली, तिला या मातीची काय पडलीय, असं विचारणारा करंटा कोण?" ते गरजले. तो करंटा ते स्वतःच होते, पण कासवाला ते आठवेना. घूस जिंकली.

ती आनंदानं रडली. "वकीलसाहेब, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले! फक्त फी."

"माझ्याकडे काय आहे द्यायला?"

"बीळ आहे की!"

मतदानाच्या दिवशी कासवानं तिला विचारलं, "स्वतःचं बीळ?" घूस टेकडीकडे बघत राहिली. मग रांगेतून बाहेर पडली. तिच्यामागे काटेराव उभे होते. त्यांची दोन बिळं, म्हणून त्यांनी दोन मतं दिली. दोन्ही स्वतःला.

पुढे ते सभेचे अध्यक्ष झाले, भरल्या पोटी वारले. चौकात त्यांचा पुतळा आहे. खाली लिहिलंय, 'बीळहीनांचा कैवारी'. पुतळ्याच्या पायाचा खड्डा कुणी खणला, हे सांगताना मला अजून राग येतो, म्हणून सांगत नाही.

तात्पर्य: कष्टाचं फळ मिळतंच, बाळांनो. ते कष्ट करणाऱ्यालाच मिळावं, असा कायदा लिहायला काटेरावांच्या पाठीवर काटा उरला नव्हता.