कासवाचं टोपण

देवाजीभाऊ शेंड्यांच्या खिशात पेन नसतो, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर असतो. लग्नाला जाताना ते इस्त्रीचा शर्ट घालतात, केसांना तेल लावतात आणि व्हर्नियर पुसून वरच्या खिशात ठेवतात. आमच्या कोरपन्यातल्याच एका लग्नात मी त्यांच्या शेजारी पंगतीत बसलो होतो. वाढप्याने पाण्याचा पेला ठेवला. देवाजीभाऊंनी पाणी पिऊन पेला उपडा केला, बुडाला व्हर्नियर लावला आणि माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, बसते. थोडं घासा लागते."

वधूपिता समोरूनच येत होता. वरपक्षाची माणसं भांडी तपासायला लागली असं वाटून त्याचा चेहरा उतरला. हे गृहस्थ मोटरसायकलचा भाग शोधताहेत असं मी त्याला समजावलं, तेव्हा तर तो जास्तच घाबरला.

देवाजीभाऊ माझे शेजारी. जन्म ढिवराच्या घरचा, लहानपण तळ्यात जाळं टाकण्यात गेलं, आणि पुढे सिमेंट कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर तीस-बत्तीस वर्षं काढली. ते तरुण असताना कारखान्याची भट्टी उभारायला एक इटालियन इंजिनिअर आला होता. त्याला मरळ माशाचा रस्सा आवडायचा, आणि तो देवाजीभाऊंची बायको यमुनाबाई यांच्याइतका चांगला कोणीच करत नसे. परत जाताना त्याने आपली बंद पडलेली मोटरसायकल या जोडप्याला देऊन टाकली. मरळीच्या मोबदल्यात त्याने लोढणं गळ्यात बांधलं, असं माझं मत होतं. ते मी फक्त माझ्या बायकोला सांगत असे.

गाडी बरीच वर्षं कोंबड्यांच्या खुराड्यात होती. निवृत्तीनंतर देवाजीभाऊंनी ती बाहेर काढली. पिस्टन शेतातल्या एका डिझेल पंपाचा, लेथवर उतरवून बसवलेला. सीटची स्प्रिंग भंगारातल्या ट्रॅक्टरची. हेडलाइटची रिंग बघून माझी बायको थबकली, कारण आमची पुरणाची चाळणी त्याच आठवड्यात हरवली होती. देवाजीभाऊंना विचारलं तर म्हणाले, "बाई, तुमची चाळणी लय मापात होती." ही तक्रार होती की स्तुती, ते तिला अजून कळलेलं नाही.

एखादं देशी इंजिन टाकून द्या, आठ दिवसांत गाडी पळेल, असं गावातला प्रत्येक मेकॅनिक त्यांना सांगून गेला. ते ऐकून घेत आणि शांतपणे कानस उचलत. "तिनं या गाडीवर येईन म्हणलं हाय," एवढंच बोलत.

त्याचं असं झालं होतं. यमुनाबाईंचं माहेर राजुऱ्याच्या पलीकडे एका तळ्याकाठी, इथून पन्नासेक किलोमीटर. त्यांचा थोरला भाऊ दर भाऊबिजेला जावयाच्या गाडीची चौकशी करायचा, सगळ्यांसमोर, हसून. एका वर्षी यमुनाबाई ताडकन म्हणाल्या, "आता येईन तं त्याच गाडीवर येईन." आणि त्या सहा वर्षं गेल्या नाहीत. एसटी दारावरून जाते, तरी नाही. भाऊच मग इकडे येऊन ओवाळून घेऊ लागला. पण यंदा त्याचा पाय गेला होता, तो खाटेवरून उठत नव्हता. म्हणजे भाऊबिजेला गाडी चालली तर बहीणभावाची भेट, नाही तर नाही.

यमुनाबाईंना हे सगळ्यांत आधी कळलं असणार, पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तो त्यांचा स्वभावच. तासभर मासळी साफ करून उठताना दाराची चौकट धरतात, डोळे मिटून दोन क्षण उभ्या राहतात. कंबर दुखते का विचारलं तर उत्तर ठरलेलं, "नाई."

आता माझ्याकडे येतो. मी बँकेत आहे आणि मला सगळं येतं असा माझा समज आहे. यांत्रिक विषयात तर फारच. फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने मी इटलीतल्या एका दुकानदाराशी पत्रव्यवहार केला आणि कार्ब्युरेटरच्या सुया मागवल्या. तीन महिन्यांनी पार्सल आलं. त्यात सुया नव्हत्या, गाडीच्या भागांचं एक जाड इटालियन पुस्तक होतं. मी ते संध्याकाळी देवाजीभाऊंच्या अंगणात खुर्चीवर बसून वाचून दाखवत असे. एका चित्रावरून मी त्यांच्याकडून क्लचची एक चकती तीनदा उलटी बसवून घेतली. चौथ्यांदा त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं, फिरवून सरळ केलं आणि परत दिलं. 

भाऊबीज पंधरा दिवसांवर आली तेव्हा इंजिन सुरू झालं. धडधड, धडधड, आणि समोरच्या घरातली म्हैस दावं तोडून पळाली. अंगणात, मग गल्लीत, मग बाजार रोडवर गाडी फिरली. फक्त पेट्रोलच्या टाकीला टोपण नव्हतं. जुनं टोपण गंजून खपली झालं होतं, आटेसुद्धा धड राहिले नव्हते. तोवर टाकीच्या तोंडात फडकं कोंबून काम चाललं होतं.

बँकेने तेव्हा मला काही दिवसांसाठी एटापल्लीच्या शाखेत पाठवलं. तिकडे एका पाड्यावर मेणाचा साचा करून पितळ ओतणारे एक म्हातारे कारागीर आहेत. दिवे, घंटा, देव, सगळं घडवतात. "टोपण मी करून आणतो," मी जाहीर केलं. देवाजीभाऊंनी जुनं टोपण आणि आट्यांचं माप लिहिलेला कागद माझ्या हातात ठेवला. बघायला गेलं तर इतका विश्वास त्यांनी माझ्यावर पहिल्यांदाच टाकला होता.

म्हाताऱ्यांनी जुनं टोपण उजेडाकडे धरलं. मधोमध सुईएवढं एक भोक होतं. "साहेब, हे भोक?" त्यांनी विचारलं. इथे मला गप्प बसता आलं असतं. पण मी म्हणालो, "गंजलंय हो. बुजवून टाका." म्हाताऱ्यांना हे फार पटलं. त्यांच्याकडे ओतलेल्या पितळेत भोक राहिलं तर तो माल पुन्हा भट्टीत जातो, गिऱ्हाइकाकडे जात नाही. "भोकाचा माल आमच्या घरातून निंगत नाई," ते म्हणाले. दोन जाणकारांचं असं एकमत होताना पाहून मला समाधान वाटलं. वर त्यांनी आपल्या मनाने टोपणावर एक छोटं कासव बसवलं. नुसतं सपाट काम द्यायला त्यांना लाज वाटते.

टोपण पोहोचलं ते भाऊबिजेच्या आदल्या दिवशी. देवाजीभाऊंनी आट्यांना व्हर्नियर लावला, टोपण फिरवलं, ते घट्ट बसलं. "घासा नाई लागलं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. कासवावरून त्यांनी अंगठा फिरवला. राहिलेलं भोक व्हर्नियरने मोजता येतं, नसलेलं येत नाही.

सकाळी यमुनाबाई हिरवं लुगडं नेसून, मांडीवर ओवाळणीच्या ताटाचं गाठोडं घेऊन मागे बसल्या. अर्धी गल्ली बाहेर आली. मी मदतीसाठी म्हणून स्कूटर घेऊन मागे. दहाएक किलोमीटर गाडी झकास गेली. मग गचके खाल्ले आणि बंद.

मी पुस्तक काढलं. देवाजीभाऊंनी प्लग पाहिला, वायर पाहिली. शेवटी पेट्रोल बघायला टोपण उघडलं, तर टाकीने सुस्सकन हवा आत ओढली. किक मारली, गाडी सुरू. पुन्हा दहा किलोमीटर, पुन्हा बंद, पुन्हा टोपण, पुन्हा सुस्स. या वेळी देवाजीभाऊंनी टोपण उलटंपालटं केलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडेच्या कपाशीकडे पाहू लागलो. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यायला हवी, ती त्या भोकातून यायची. फडक्यातून येत होती. माझ्या पुस्तकात पान काढलं तर टोपणाच्या मधोमध एक बारीक बाण दाखवला होता. इतके दिवस मी तो छपाईचा डाग समजत होतो.

"माझ्यानं चुकलं," मी म्हणालो.

"चालते," देवाजीभाऊ म्हणाले.

अशा चार थांब्यांनी आम्ही पोहोचलो. भावाने धडधड लांबूनच ऐकली होती. दोघा पोरांच्या खांद्यावर हात टाकून तो दारात उभा होता. जावयाच्या गाडीला हसायचं ठरवलं असेल, पण तोंड उघडल्यावर त्याला रडूच आलं. यमुनाबाईंनी त्याला तिथेच उंबऱ्यात ओवाळलं. मीही डोळे पुसले. मी बुजवायला लावलेल्या भोकामुळे ही भेट हुकली असती, हे तिथे दोघांनाच माहीत होतं.

त्यानंतर महिनाभर दर रविवारी ते दोघं भावाला भेटून येत होते. मग एका शनिवारी मी बारीक ड्रिलचा बिट घेऊन देवाजीभाऊंकडे गेलो. "द्या टोपण. एका मिनिटाचं काम."

त्यांनी टाकीवर हात ठेवला. "राहू द्या, साहेब."

"अहो, दर दहा किलोमीटरला बंद पडत राहील."

"पडते नं." त्यांनी घराकडे पाहिलं. आत यमुनाबाई तांदूळ निवडत होत्या. आवाज खाली आणून ते म्हणाले, "दहा किलोमीटर झाले का तिची कंबर भरून येते. मले पाठीवर समजते, पकड बदलते तिची. पण थे थांबा म्हनत नाई कधी. अन् मी पुसलं तं नाईच म्हनते. आता गाडीच थांबते. मंग उतरते, पाय मोकळे करते, दोन गोष्टी बोलते. इतक्या गोष्टी घरी नाई बोलत थे."

मग त्यांनी मला गाडीला अडकवलेली पिशवी उघडून दाखवली. पान्यांच्या शेजारी एक चटईचा तुकडा होता, बसायला. गाडी कुठे बंद पडते त्या चारही जागा त्यांनी मोजून ठेवल्या होत्या. तिसरीजवळ सावली नव्हती, म्हणून ते त्याआधी गाडी थोडी जोरात पळवतात, म्हणजे पेट्रोल लवकर ओढलं जातं. मग ती अर्धा किलोमीटर अलीकडे, मोहाच्या झाडाखाली थांबते.

मी बिट खिशात टाकून घरी आलो.

परवा बायकोला स्कूटरवर घेऊन राजुऱ्याला निघालो. वीस वर्षं ती माझ्यामागे बसते आहे. दहाएक किलोमीटरवर मी उगाचच स्कूटर कडेला घेतली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. पेट्रोल बघतो."

मी टोपण उघडेपर्यंत ती खाली उतरली होती, आणि कमरेवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटून उभी होती.