कासूच्या जावयाचं घड्याळ

पेणचे मोरोपंत मास्तर स्वतःची ओळख करून द्यायचे ती अशी : "माझी नजर म्हणजे एक्स-रे, नाक म्हणजे पोलिसांचं कुत्रं, आणि मेंदू... मेंदूला शोभेल अशी उपमा अजून सापडलेली नाही." ते नोकरीत होते तेव्हा शाळेची पितळी घंटा चोरीला गेली होती. तीही अजून सापडलेली नाही. पण निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी दारावर 'गुप्तहेर' अशी हातभर पाटी ठोकली.

अशा माणसाला रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या सुरैय्याने बोलावलं, ते काही हौसेने नाही. रविवारी नातवाचा, तमीमचा निकाह होता. घरातला मुलगा नवरदेव होऊन मांडवात बसला की त्याच्या मनगटावर तिच्या मयत नवऱ्याचं, मुसाचं निळं घड्याळ चढायचं आणि कासू गावची लेक सुरैय्या भर मांडवात आवाज चढवून सांगायची, "हे माझ्या बापाने जावयाला दिलेलं. कासूवाल्यांचा हात असा असतो!" दोन्ही मुलांच्या वेळी सांगितलं होतं. आता नातवाच्या वेळी सांगायचं होतं. पण लग्नाचे तांदूळ निवडायला बाया जमल्या असताना तिची नणंद हफ्सा सुपातून मान वर न करता बोलून गेली, "भाबी, ते तुझ्या बापाचं नाय. भाऊने कुवेतला घेतलेलं."

बायांनी सुपं खाली ठेवली.

म्हणजे घड्याळ लग्नातलं की मुसा कुवेतला गेल्यानंतरचं, एवढंच मास्तरांनी ठरवायचं होतं. नंतरचं निघालं, तर इतकी वर्षं मिरवलेला बाप एका दुपारीत उघडा पडणार होता.

रोह्याच्या बाजारात कमळाकर घड्याळवाला होता, पण त्याचं नाव त्या घरात कोणी काढत नसे. लग्न होऊन महिना झाला नाही तोच मुसाने घड्याळ त्याच्याकडे दुरुस्तीला दिलं आणि स्वतः कुवेतला गेला. पुढची दोन वर्षं सुरैय्या बाजाराला आली की दुकानासमोर उभी राहून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. तो मान खाली घालून म्हणायचा, "उद्या या, ताई." शेवटी मुसा परतला, तेव्हाच ते त्याने सोडवून आणलं. तेव्हापासून ह्या घरातलं गजराचं घड्याळसुद्धा दुरुस्तीला पनवेलला जायचं.

मंगळवारी मोरोपंत आले ते दोन तास उशिरा. गाडीत एका माणसाचा संशय आला म्हणून त्याच्या मागोमाग वाटेत कासूलाच उतरले होते. तो माणूस घरी जात होता.

"भाभी," घड्याळ तळहातावर तोलत ते म्हणाले, "हे संस्थानी वजन आहे. नवाबाच्या खजिन्यातलं!"

"पट्टा पनवेलचा हाय, मास्तर. मीच बदलला."

मास्तरांनी घड्याळ नाकाला लावलं. "खारा वास! हे आरमारात होतं. समुद्रावरच्या लढाईत!"

"सुकटीच्या डब्याशेजारी होतं. पुढं बोला."

हफ्सा ओढणीत हसली.

"हस गो, हस. दात हायत तवर हसून घे," सुरैय्या म्हणाली.

मास्तरांनी मग चावी बाहेर ओढून गरगर फिरवली. वाराच्या खिडकीतली इंग्रजी अक्षरं सरकली आणि तिथे काही तरी वळणावळणाचं येऊन बसलं. मास्तर उडालेच.

"मोडी! भाभी, मोडी लिपी! घड्याळ पेशवेकालीन आहे!"

"पेशवे मनगटाला घड्याळ बांधायचे?"

"गुप्तपणे."

"द्या इकडं."

सुरैय्याची शाळा दुसरीतच सुटली होती. इंग्रजी अक्षर तिला मुंगीसारखं दिसायचं, पण कुराण मात्र तिने लहानपणापासून रोज वाचलेलं. तिने चष्मा लावला. मास्तरांनी घड्याळ उलटं धरलं होतं, ते आधी सुलटं केलं.

"ही कसली मोडी? 'सलासा' लिवलंय. मंगळवार," ती म्हणाली, आणि आपण काय वाचलं ते तिला मागाहून ऐकू आलं.

"अशी घड्याळं आखातात मिळतात, दादी," तमीम हळूच म्हणाला. "वार इंग्रजीत पण, अरबीत पण."

सुरैय्याचा बाप भात लावणारा माणूस. त्याचा सगळा परदेश पनवेलच्या बाजारात संपायचा.

मोरोपंत खाकरले. "म्हणजेच पेशव्यांचे अरबस्तानाशी..."

"मास्तर, चहा प्या." मग ती नणंदेकडे वळली. "हफ्सा, मग माझ्या बापाचं कुठं हाय?"

हफ्साचं हसू कधीच गेलं होतं. "भाऊने कसम घातलेली, भाबी."

"तो गेला. आता ती कसम माझ्याकडं दे."

"नदीत हाय, कुंडलिकेत," हफ्सा म्हणाली. "भाऊ पुलावरून वाकून मासे बघत होता, पट्टा सुटला. रडत माझ्याकडं आला. म्हणाला, सुरैय्याला कळलं तर मला पण त्याच पुलावरून टाकेल. मग कमळाकरच्या पाया पडला, म्हणाला, दुरुस्तीला दिलंय असंच सांग. आणि कुवेतभर हिंडून असंच निळं शोधलं."

सुरैय्याने चष्मा काढला. म्हणाली, "एवढा घाबरायचा?"

"लय."

"मला कधी बोलला नाय."

"भाबी, घाबरायचा ना!"

सुरैय्याने घड्याळ ओढणीने पुसलं, अरबी मंगळवार तसाच राहू दिला आणि तमीमच्या मनगटावर बांधलं. "ऐक. बापाने दिलेलं नदीला गेलं. हे माझ्या धाकाने समुद्र ओलांडून आलं. दोन्ही माझीच. मांडवात मी अस्संच सांगणार."

मोरोपंतांनी कप खाली ठेवून जाहीर केलं, "केस सुटली! मी चावी फिरवली नसती तर?"

"लग्नाची एक पत्रिका आण रे," सुरैय्या तमीमला म्हणाली आणि चपला घालून निघाली. मास्तरही मागोमाग निघाले, पण पुलावरच थांबून भिंगातून कुंडलिकेच्या पाण्यात पुरावा शोधत राहिले.

बाजारात ती नेहमीच्या जागी, दुकानासमोर उभी राहिली. कमळाकर आता म्हातारा झाला होता. त्याने तिला पाहिलं, जुन्या सवयीने मान खाली घातली आणि म्हणाला, "उद्या या, ताई."

तिने पत्रिका त्याच्या काचेवर ठेवली.

"उद्या नाय. आणि मी नाय. रविवारी तू ये."